बाकावरची पिशवी

भाच्याने किल्ली दिली तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तो, त्याची बायको आणि मुलं शाळेच्या सुट्टीत पुण्याला येणार होती. सिंगापूरचा, हौगांगमधला त्यांचा फ्लॅट तेवढे दिवस बंद राहणार होता. "मावशी, तू जाऊन राहा, झाडांना पाणी तरी घालशील," असं तो सहज म्हणाला. लोक असं म्हणतात ते समोरचा जाणार नाही या भरवशावर. मी गेले.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे तिचं आजारपण आपसूक माझ्याकडे आलं आणि ते बरीच वर्षं चाललं. मी पायात चपला सरकवल्या की आतल्या खोलीतून आवाज यायचा, कुठे निघालीस, कधी येशील. त्या प्रश्नाचा मला वीट आला होता. आई गेली आणि मी कुठेही, कधीही जायला मोकळी झाले, पण विचारणारं कुणी उरलं नाही. पुण्यातल्या ओळखीच्या रस्त्यांवर ते फार खुपायचं. परक्या शहरात एकटं असणं निदान रीतसर वाटेल, असा माझा हिशोब होता.

तो साफ चुकला. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत बसून मी बिशानला जायची, तिथे गाडी बदलून आणखी कुठेतरी, आणि तशीच परत. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसलेले. लायब्ररीत गारव्याला बसायची, मॉलमध्ये न घ्यायच्या वस्तूंना हात लावायची. हॉकर सेंटरमधला, खाण्याच्या टपरीवरचा माणूस रोज विचारायचा, इथेच खाणार की बांधून नेणार. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. बुकित बातोकला भाच्याच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब होतं, त्यांना फोन केला. बाई फार गोड बोलल्या, "नक्की या हं एकदा" म्हणाल्या, आणि वार काही सांगितला नाही. पुणेरी आमंत्रण समुद्र ओलांडूनही बदलत नाही. एका संध्याकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडता पडता वाचले, तेव्हा मनात आलं की आपण इथे पडून राहिलो तर सुट्टी संपवून मंडळी परत येईपर्यंत कळणारसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या शहरात मी आहे हे एका तरी माणसाला माहीत असावं, इतकंच मला हवं होतं, आणि तेवढंही जमत नव्हतं.

आमच्या इमारतीखाली, लिफ्टसमोर एक बाक होतं. तिथे रोज सकाळी एक चिनी आजी बसलेली असायची. फुलाफुलांचा सदरा, तसलीच विजार, आणि शेजारी बाजाराची लाल पिशवी. पहिल्यांदा मी तिथे रेंगाळले तेव्हा तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. मी इंग्रजीत काहीतरी बोलले, तिने हात हलवून ते उडवून लावलं आणि तिच्या भाषेत सुरू केलं. मग मीही हट्टाने मराठीत बोलले. भाच्याच्या बायकोने मिसळणाचा डबा कुठे दडवलाय कुणास ठाऊक, इथल्या भेंडीला चवच नाही, आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. ती मान डोलवायची आणि तिचं सांगायची, बराच वेळ. तक्रारीच असाव्यात, सूर ओळखीचा होता. दुसऱ्या दिवसापासून मला पाहिलं की ती आधीच पिशवी उचलायची. याला मी सोबत म्हणत नव्हते. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, एवढंच.

मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला चक्क राग आला.

त्या संध्याकाळी बाजारातून परतले तर खाली माणसंच माणसं. इथे इमारतींचा तळमजला मोकळा ठेवतात, लग्नं तिथे होतात आणि मयतही तिथेच ठेवतात. गोल टेबलं मांडली होती, लोक शेंगा सोलत बसले होते. पलीकडे शवपेटी, आणि तिच्यापुढे फुलांत आजीचा फोटो. मी हातातल्या भाजीसकट उभी राहिले. एका गृहस्थांनी मला आलेल्यांपैकीच समजून खुर्ची दिली, समोर शेंगा आणि थंड चहाचं छोटं, नळीचं खोकं ठेवलं. आपल्याकडे मयताच्या घरी कुणी पाणीसुद्धा घेत नाही. पण ते बघत होते, म्हणून दोन शेंगा खाल्ल्या.

वर आले आणि अडले. अशा ठिकाणाहून आलं की डोक्यावरून आंघोळ करायची, हा आईचा नियम. पण ही माझी कोण? नाव माहीत नाही, तिचा एक शब्द कळलेला नाही. आंघोळ करणं म्हणजे उगाच नातं सांगणं वाटलं. मी हातपाय धुतले आणि खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा खाली जाऊन बसले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने माझ्याच वयाची एक बाई सरळ माझ्याकडे आली. ती आजीची मुलगी होती, ऑस्ट्रेलियाहून आली होती. डोळे सुजलेले. आता ही विचारणार, तुम्ही कोण, म्हणून मीच घाईघाईने खरं ते सांगून टाकलं. तुमच्या आईला मी ओळखत नव्हते, त्या मला बाकावर जागा द्यायच्या, आम्हाला एकमेकींचं काही कळत नसे.

ती खुर्ची ओढून बसली. रोज सकाळी ती आईला फोन करायची, म्हणाली. आई एकटी, मुलगी लांब, त्यामुळे बोलणं लांबायचं. अलीकडे मात्र आई फोन लवकर ठेवायची.

"म्हणायची, पुरे आता," तिने मला इंग्रजीत सांगितलं. "मला खाली जायचंय. माझी इंडियन मैत्रीण वाट बघत असेल."

तिने माझा हात धरला, आणि आम्ही तशाच बसून राहिलो.

वर आले, दार लावलं, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली उभी राहून डोक्यावरून पाणी घेतलं. आईच्या वेळीही आलं नव्हतं एवढं रडू आलं.