नवी उगवल्याशिवाय जुनी जाणार नाही

साहेबांचा फोन आला तेव्हा आई ओट्यावर ओल्या पोत्यात सोयाबीनचे दाणे मांडत होती. आमच्या किन्हीराजा गावात पेरणीआधी घरचं बियाणं असंच तपासतात. दाणे गुंडाळायचे, ओल धरून ठेवायची, मोड किती फुटतात ते बघायचं. तोवर राखून ठेवलेलं दुसरं बियाणं कोणी विकत नाही.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. आमच्या मशीनी क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी परक्याच्या डेटा सेंटरमध्ये. त्यांचा साचा म्हणजे इमेज: सगळं सॉफ्टवेअर आत बसवून ठेवलेली तयार प्रत. वेबसाइटवर गर्दी वाढली की त्या इमेजवरून नव्या मशीनी आपोआप उभ्या राहतात. इमेज बनवणं, तपासणं, जुनी काढणं, सगळं माझा कोड करतो. त्यात मी एक अट घातलेली: नव्या इमेजवरून मशीन उभी राहून नीट बोलली, म्हणजे विचारलं की उत्तर देऊ लागली, तरच जुनी उडवायची.

त्या दिवशी नवी बोललीच नाही. मशीन सुरू व्हायची, आतलं सॉफ्टवेअर मात्र मुकं.

साहेब म्हणाले, "ती अट काढ आणि जुनी इमेज उडव. आज वरच्यांना साफसफाई झालेली दाखवायचीय."

"सर, नवी चालत नाही अजून."

"चालू मशीनी बंद पडतील का? नाही ना? मग?"

अहो, हाच तर घोळ! चालू मशीनींना काहीच होत नाही. बियाणं विकलं म्हणून उभं पीक वाळतं का? कळतं ते पुढच्या पेरणीला. गर्दीच्या दिवशी नवी मशीन मागितली की मग बोंब. आणि तेव्हा फोन कोणाला येणार? मलाच.

मी नाही म्हटलं. मग साहेबांनी हुकमी पान काढलं. "गावात बसायची सवलत दिली तर हे असं. सोमवारी पुण्याच्या ऑफिसात ये, नाहीतर राजीनामा दे."

डोकंच फिरलं माझं. इथं राहून काम करणं मी भांडून मिळवलंय. आणि राग आला की माझी वऱ्हाडी सुटते, मग ती आवरत नाही.

"सर, आपल्या मशीनी कोणत्या गावात हायेत, तुमाले माहीत हाय का?"

"त्याचा काय संबंध?"

"मंग मी कोणत्या गावात हाव, त्याची तुमाले कायले पडली? जुनी उडवाची असंन तं तुमच्या हातानं उडवा. बटन तुमच्यापाशी बी हाय. माह्या नावानं नाई उडणार."

फोन कट.

आईनं सगळं ऐकलेलं. "काहून भांडून राह्यली वो सायबासंग? म्हनते तं टाक ना उडवून."

"तू उगवल्याबिगर बियाणं इकतं का?"

"ते माह्या वावरातलं हाय. हे काय तुह्या बापाचं हाय?"

"माहं हाय!" मी ओरडलेच. "म्या बनवलं हाय."

आई भाकरी टाकायला उठली.

संध्याकाळपर्यंत मी जुनी इमेज बघत होते. जागच्या जागी होती. साहेबांना अधिकार होता, पण स्वतःच्या नावावर उडवायची छाती झाली नाही त्यांची! पुढे नवीतला दोष सापडला, एक सेटिंग भलत्याच जागी पडलेलं. पुन्हा बनवली, मशीन उभी केली, बोलली. मगच जुनी उडवली, माझ्या कोडानं, माझ्या नावानं. साहेबांना तसं कळवलं आणि खाली लिहिलं: सोमवारी येत नाही.

उत्तर आलं नाही. रविवार कसा काढला ते माझं मला ठाऊक. आमच्या कंपनीत माणूस काढला की त्याला कोणी सांगत नाही. सकाळी त्याचा पासवर्ड चालत नाही, एवढंच.

सोमवारी आंघोळ करून लॅपटॉपपुढे बसले. आई दारात येऊन उभी, हाताला पीठ तसंच. पासवर्ड टाकला.

चालला.

"काय म्हनते सायेब?" आईनं विचारलं.

"काई म्हनत नाई," मी म्हटलं, "आन् मीबी इचारत नाई."