त्या आठवड्याचे लॉग

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर डेटाबेस सांभाळणारा हा माणूस. रुग्णाच्या नोंदीत काही बदललं की त्या बदलाची ओळ लॉगमध्ये पडते. लॉग फुगत जातात, म्हणून दर रविवारी सगळ्या डेटाचा पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि महिना उलटला की जुने लॉग आणि जुने बॅकअप पुसायचे. तेवीस वर्षं त्याने हे बिनबोभाट केलं.

मग त्याची बायको तळमजल्यावर, चौदा नंबरच्या खाटेवर वारली. त्याच आठवड्यात जुन्या नोंदी नव्या मशीनवर हलवत होते, लॉगचा नुसता डोंगर झाला होता आणि हा वर बसून जागा मोकळी करत होता. तिच्या नोंदीत शेवटी नुसती मृत्यूची वेळ राहिली, चार दहा. लेकीने एकदाच विचारलं, "बाबा, आईची तब्येत बिघडायला लागली कधी? तुम्हाला खाली यायला वेळ होता का?"

उत्तर त्या लॉगमध्ये होतं. त्याने ते पुसायच्या यादीतून वगळले, पण उघडायचा धीर काही होईना. सात महिने गेले. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. सकाळी कपबशी विसळायचा, कामावर यायचा. सोबतचे त्याला साठेबाज म्हणायला लागले, त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

सोमवारी डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली.

"नोंदणी बंद पडेल, खाली रांग लागलीय," साहेब म्हणाले. "तो ढीग काढा की आता."

"अर्धा तास द्या."

त्याने त्या आठवड्याच्या आधीच्या रविवारचा बॅकअप शोधला. लॉग म्हणजे नुसते बदल. ते ज्याच्यावर चढवायचे तो बॅकअपच नसेल तर त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा. आणि स्वतः? लॉग तेवढे वगळले, बॅकअप वगळायचा राहिला. सहा महिन्यांपूर्वी, ठरल्या तारखेला, त्याच्याच प्रोग्रॅमने तो पुसला होता. आता काय म्हणावं या माणसाला.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याने लॉग पुसले, डिस्क बासष्टवर आली.

दुपारी लेकीला फोन केला. "आईचं ते आता कळायचं नाही गं. माझ्याच हातून पुसलं गेलं."

"जाऊ दे, बाबा. जेवलात का?"

"खाली यायला वेळ होता, असंच धरून चालतो मी."

"नका ना असं बोलू."

"ठेवतो," तो म्हणाला. "खालून फोन येतोय."