आभार न मानण्याबद्दल

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दिल्लीत मुनिरक्यातल्या माझ्या खोलीचं भाडं एका मराठी मंडळाच्या शिष्यवृत्तीतून जायचं. ती चालू राहायला दोन गोष्टी लागत: मंडळातले एक काका खोली पाहून जात, आणि वार्षिक कार्यक्रमात स्टेजवरून आभार मानावे लागत.

काका आले. पलंगाखाली वाकून पाहिलं, ट्रंक उघडायला लावली. मग दाराजवळ थांबले. "अच्छा! नवीन बूट? बाळ, तुला नक्की गरज आहे ना?"

बूट आईनं घेऊन दिले होते. मी म्हणाले, "मैत्रिणीचे आहेत." त्या खोट्याची लाज मला खूप दिवस पुरली. त्याचा सूड घ्यायचा, असं मी तेव्हाच ठरवलं असावं.

तेव्हा मी तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी निबंध लिहीत होते. प्रत्येकाला बिनशर्त उत्पन्न मिळावं, हा विचार आजचा नाही. जमीन कुणी घडवली नाही, तिला कुंपण घालणाऱ्यानं इतरांचा वाटा अडवला, म्हणून त्या वाट्याचे पैसे सर्वांना मिळावेत, असं जुन्या विचारवंतांनी मांडलं होतं. त्याही आधी धर्म सांगणारे म्हणत, पृथ्वी देवाची, तिच्यावर हक्क सगळ्यांचा. मला सगळं कळलं होतं असं नाही. पण गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये मी अनेकदा जेवले होते. तिथं माझे बूट कुणी तपासले नव्हते, उलट सांभाळून ठेवले होते.

कार्यक्रमाआधी मंडळाच्या एका काकूंनी माझं भाषण वाचलं. "'आम्ही गरीब' हे सुरुवातीलाच घे. लोकांना बरं वाटतं."

स्टेजवर मी म्हणाले, "तुम्ही देता तो माझा वाटा आहे. वाट्याचे आभार मानत नाहीत. आणि काका, मी खोटं बोलले. ते बूट माझेच. हे बघा."

पहिल्या रांगेत बसलेल्या काकांची मान खाली गेली. मला फार बरं वाटलं.

"एवढं करून हे ऐकायचं?" खाली उतरताच काकू म्हणाल्या. "माफी लिहून दे, नाहीतर विसर शिष्यवृत्ती."

मी लिहून दिली नाही. आता चौघींत एक खोली आहे आणि मी शिकवण्या घेते.

निबंध मात्र एका वाक्यापाशी अडला. बिनशर्त म्हणजे सगळ्यांना, म्हणजे काकांनाही, काही न विचारता. ते वाक्य मी लिहिलं, मार्कही मिळाले. पण अजून ते मला मनापासून म्हणता येत नाही. त्यांची ट्रंक आधी एकदा मला उघडून बघायची आहे.