सुपडू नाना आणि वरच्या उतारावरचे अंजन

वनरक्षक म्हणून शिरपूरच्या वरच्या डोंगराळ भागात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा सुपडू नाना तिथल्या रोपवनावर मजुरांचे मुकादम होते. अंजनाच्या रोपांभोवतीचे कुसळी गवत मी विळ्याने सपाट कापून घेतले होते आणि स्वतःवरच खूश होते. नाना आले, खाली बसले आणि दोन ठिकाणची माती उकरून माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवली. मी कापलेल्या गवताखालची पिठासारखी कोरडी होती. त्यांनी मुळासकट गवत काढलेल्या आळ्यातली ओलसर होती.

"ताई, वरून कापं का गवत आखो फुटस, आनि जास्ती पानी पेस," एवढेच ते म्हणाले.

अंजनाचे रोप सुरुवातीला वर वाढायच्या भानगडीत पडत नाही, मूळ खाली सोडत बसते. ते खोल पोचण्याआधीच पाऊस उघडतो आणि वरच्या मातीतली ओल गवत पिऊन मोकळे होते. म्हणून दसऱ्याआधी दुसरी निंदणी हवीच, हा नानांचा हट्ट. कागदावर निंदणी एकच असे. दुसरी ते स्वतःच, चार घरच्या माणसांना घेऊन करीत.

एका वर्षी नाना तापाने अंथरुणाला खिळले. दुसरी निंदणी मी बघते, असे मीच त्यांना म्हणाले आणि मीच विसरले. माझे सगळे रोपवन वाळले. चौकशीला साहेब आले तेव्हा नाना अशक्त पायांनी पुढे झाले आणि कसूर आपली, असे सांगून बसले. माझी नोकरी राहिली, त्यांची मुकादमी गेली. मी तेव्हा गप्प राहिले. त्याची लाज आजही वाटते.

आज नाना पंचाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी जन्मभर रोपे लावली आणि उतारावर उभे आहे ते बहुतेक गवतच. यंदा त्यांनी वरच्या उतारावर शेवटची म्हणून अंजनाची रोपे लावली. आता गुडघे वाकत नाहीत. पंचाहत्तरीनिमित्त आमच्या मंडळाने दसऱ्याआधी ठरवलेल्या सत्काराला त्यांनी लगेच होकार दिला, याचे आम्हाला नवल वाटले होते. मग कळले, एवढी माणसे दसऱ्याआधी जमणार म्हणजे कुदळी घेऊन उतारावरच येणार, असे ते धरून चालले होते. धुळ्याला सभागृह घेतले आहे, हे मलाच सांगावे लागले.

नाना म्हणाले, "माले शाल नको, ताई. चार मानसे दे. रोपे मरी जातीन."

मी मंडळात विचारले, गावात फिरले. सत्काराला सगळे येणार आहेत, उतारावर यायला कोणी तयार नाही.

नानांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, असे मला मनापासून वाटते. पण ते जितके वाढेल तितकी रोपे मरताना त्यांना बघावी लागतील, हेही मला कळते. सत्काराच्या दिवशी मी सभागृहात नसेन, त्याबद्दल मान्यवरांनी क्षमा करावी. मी वरच्या उतारावर असेन. एकटीने सगळी आळी निंदून व्हायची नाहीत.