भागधारकांच्या यादीतून गेलेलं नाव

खामगावच्या कापसाच्या जिनातल्या दिवसांचा विषय निघाला की मी सरकीच्या ढिगांबद्दल बोलतो, भोंग्याबद्दल बोलतो आणि एका सभेपाशी आलो की पाणी प्यायला उठतो. इतकी वर्षं हेच केलं. आता लिहून टाकतो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या त्या जिन-प्रेसची कंपनी दोन भावांची. थोडे शेअर चुलत्या-मामांकडे. मी तिथे कारकून, पण सगळे दिवाणजी म्हणत. कंपनीच्या आयकराच्या विवरणपत्राला एक यादी जोडावी लागे : मोठ्या भागधारकांपैकी मताचा हक्क असलेले शेअर कोणाकडे किती. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून मी नवी उतरवून काढायचो.

थोरले भाऊ वारले. त्यांचे शेअर त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर झाले. भागधारकांच्या रजिस्टरात ती नोंद मीच केली. पण विवरणपत्राची यादी करायला बसलो तेव्हा धाकटे शेठ म्हणाले, "वैनीचं नाव काऊन लिहिता? घरचं मत एकच असते. माह्या नावापुढं लिहा."

मी लिहिलं. पुढच्या वर्षी तेच उतरवलं. वावगं वाटलं नाही, कारण सभेला बायका येतच नसत. आदल्या दिवशी मी वहिनींकडे, त्यांचं मत शेठनी द्यावं अशा मुखत्यारीचा कागद घेऊन जाई. त्या न वाचता सही करत आणि चहा दिल्याशिवाय सोडत नसत.

तिसऱ्या वर्षी धाकट्या शेठनी प्रेस विकायला काढली. कागद घेऊन गेलो, तर वहिनींनी तो पूर्ण वाचला आणि घडी करून परत दिला.

"यंदा सही नाही, दिवाणजी. मी सोताच येते. ह्यायनं उभी केलेली प्रेस मी विकू देत नाही."

त्यांची मतं विरोधात पडली तर विक्री होणार नव्हती. हे मला ठाऊक होतं, शेठनाही.

सभा दुपारी, कचेरीतच. वहिनी आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

"सूनबाई, चहा ठेवाले आली का?" मामांनी विचारलं. दोघे-तिघे हसले.

"चहा तुम्ही ठेवा, मामाजी. मी मत द्याले आली."

हसणं थांबलं. शेठनी विवरणपत्राची नक्कल पुढे सरकवली. "हा सरकारले दिलेला कागद. वैनीच्या नावावर एक मत नाही. अक्षर दिवाणजीचं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींनीही.

"तुम्हीच सांगा, दिवाणजी. रजिस्टर काढा. त्यात माह्यं नाव आहे ना?"

रजिस्टर माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होतं. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात. शेठ माझ्याकडे पाहत नव्हते, काचेचा पेपरवेट फिरवत होते. खिडकीतून जिनाच्या आवारातली माझी खोली दिसत होती, बाहेर बायकोची साडी वाळत होती. तिला सातवा महिना होता.

"रजिस्टर अकोल्याला ऑडिटरकडे गेलंय," मी म्हणालो.

वहिनींनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर त्यांना चपला लवकर सापडेनात. तेवढ्यात आत विक्रीसाठी हात वर झाले होते.

नव्या मालकानं मला ठेवून घेतलं. वहिनी पिंपळगाव राजा ह्या माहेरगावी गेल्या. कोर्टकचेरी केली नाही.

बऱ्याच वर्षांनी मी एसटीनं तिथे गेलो. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. लगेच ओळखलं. चहा आला.

"काय काम काढलं, दिवाणजी?"

"काही नाही. इकडं आलो होतो, म्हटलं भेटावं."

त्या पानं खुडत राहिल्या. मी कप खाली ठेवला, तेव्हा वर न पाहता त्यांनी विचारलं, "मंग, आलं का ते रजिस्टर अकोल्याहून?"

"गाडीची वेळ झाली," म्हणून मी उठलो. पुढच्या वर्षी त्या गेल्याचं कळलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी जे मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो, ते एवढंच होतं : वहिनी, रजिस्टर कपाटातच होतं. किल्ली माझ्या खिशात होती. त्यात तुमचं नाव मीच लिहिलं होतं आणि यादीतून मीच गाळलं. मला माफ करा.