बापाची जागा

अकरावीला अर्थशास्त्र शिकवताना बेरोजगारीचा धडा आला की माझं डोकं सटकतं. कारणं आणि उपाय. मी मुद्दे फळ्यावर लिहून देते, मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत तेच मुद्दे माझ्या अंगावर परत फेकतात. लोकसंख्या वाढली, शिक्षण कामाचं नाही, तरुणांना अंगमेहनत नको, शहरांत लोंढे येतात. वाचताना वाटतं, सगळी चूक बेरोजगाराचीच. काम देणारा त्या धड्यात कुठे सापडत नाही. आणि हे शिकवणारी मी कोण, तर तासिका तत्त्वावरची बाई. शिकवले तेवढ्या तासांचे पैसे, उन्हाळ्यात घरी, कॉलेज उघडलं की त्याच खुर्चीसाठी नव्याने मुलाखत. मुलाखत घेणारे दरवर्षी मला नाव विचारतात.

पण माझं सोडा. मला सांगायचंय ते माझ्या धाकट्या भावाबद्दल.

आम्ही मुलुंडला राहतो. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथ मशीनवर. आजोबा गिरणीत होते. आमच्या कोकणातल्या माणसांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली आहे: बाप निवृत्त झाला की त्याच्या जागेवर मुलगा लागतो. एके काळी लागायचाही. गिरण्या गेल्या, कारखान्यांच्या जागी टॉवर आले, तरी ही समजूत काही गेली नाही. गावच्या घरातला वाटा सोडतील, पण बापाची जागा सोडणार नाहीत.

भाऊ आयटीआयला टर्नरचाच कोर्स करून चांगल्या मार्कांनी पास झाला. तिथल्या सरांनी त्याला चाकणच्या एका कंपनीत पाठवलं आणि तिथे त्याची निवडही झाली. पुढे कायम होणारी नोकरी, रीतसर. घरात मात्र सुतक आल्यासारखी तोंडं झाली.

"थय जावन भाड्याच्या खोलयेत रवतलो, आणि हयली जागा कोणाक देव?" बाबा म्हणाले.

कांदिवलीहून मामा मुद्दाम भावाची समजूत घालायला आला. युनियनचा पुढारी घरी येऊन आईच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "तुम्ही राजीनामा टाका, पोरगा चिकटला म्हणून समजा. माझा शब्द." बाबांच्या नोकरीची चांगली काही वर्षं शिल्लक होती. त्यांनी मुलासाठी ती सोडली. आम्ही चाळीत पेढे वाटले, आणि चाकणला नकार कळवला.

भाऊ कारखान्यात लागला, बाबांच्याच मशीनवर. पण कंपनीचा कामगार म्हणून नाही, कंत्राटदाराचा माणूस म्हणून. पुढारी म्हणाला, सुरुवातीला असंच असतं. त्यानंतर त्याने आमचे फोन उचलणं बंद केलं.

काही महिने झाले आणि भावाला ब्रेक मिळाला. ब्रेक हा शब्द ऐकायला किती छान आहे! सलग काम केलेला माणूस उद्या उठून कायम करा म्हणेल, त्याच्याकडे सांगायला काही आधार राहील, म्हणून त्याला मध्येच घरी बसवायचं आणि पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायचं, यालाच ब्रेक म्हणतात. कंत्राटदाराच्या सुपरवायझरने त्याला समजावलं, "टेन्शन काय घेतोस यार? सुट्टी समज ना. गावाला जाऊन ये, मासे खा."

भाऊ घरी बसला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी त्याच सुपरवायझरचा फोन आला. बाबांना. "काका, मशीन तुमच्या हातची. पोरगा ब्रेकवर आहे तोवर येता काय?"

बाबांनी दाढी केली, जुना युनिफॉर्म काढला आणि गेले. आईला आनंद झाला. घरात बसून बाबा चिडचिडे झाले होते, आता माणसात येतील म्हणाली. पुढे बाबांना ब्रेक मिळाला तेव्हा भावाला बोलावणं आलं. मग भावाचा ब्रेक, मग बाबांचा. जागा एक, माणसं दोन, आणि आलटून पालटून एक जण घरी बसून पंख्याकडे बघतोय.

पुस्तकात छुपी बेरोजगारी असते. एका शेतात चार माणसं राबतात, दोन काढली तरी पीक तेवढंच येतं. मी हे उदाहरण देते आणि मनात शिव्या घालते. आमच्याकडे काम बारा महिने होतं, माणूस तेवढा अर्धा-अर्धा करून वापरला जात होता. या प्रकाराला पुस्तकात नाव नाही.

त्याच सुमारास कॉलेजने आम्हाला पार्ल्याला एका व्याख्यानाला पाठवलं. वक्ता कारखानदार होता. आजच्या तरुणांकडे कौशल्य नाही, जिद्द नाही, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असं तो म्हणाला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी तर ते वहीत उतरवून घेतलं. मला उठून विचारावंसं वाटलं, की बाबा रे, तुझ्या कारखान्यात बारमाही कामाला बारमाही माणूस आहे का? उपाय तिथून सुरू होतो. आहे ते काम तुकडे न करता द्या, रिकाम्या जागा भरा, शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराला शिकल्यावर ठेवून घ्या. एवढं करून झाल्यावर जिद्दीवर बोलू. पण मी गप्प राहिले, कारण पुढच्या वर्षीही मला मुलाखत द्यायची होती.

भाऊ माझ्यासारखा गप्प बसला नाही. त्याने कंत्राटातल्या पोरांना गोळा केलं. गेटसमोरच्या वडापावच्या गाडीवर त्यांचं ठरलं: ज्याला ब्रेक मिळेल त्याने घरी जायचं नाही, गेटवर उभं राहायचं, आणि त्याच्या मशीनला दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. कामगार खात्यात तक्रारही केली. मोठी ऑर्डर चालू होती, मशीन बंद ठेवणं कंपनीला परवडणारं नव्हतं. या वेळी टिकलो तर कायम करावंच लागेल, असं पोरांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

हे ठरल्यावर पहिला ब्रेक भावाचाच आला. आदल्या संध्याकाळी तो बाबांसमोर बसला.

"बाबा, उद्या फोन आला तर घेऊ नका. बाकी काही करू नका, फक्त जाऊ नका."

"हां," बाबा म्हणाले. मी तिथेच होते.

सकाळी भाऊ लवकर गेटवर गेला. थोड्या वेळाने मी आंघोळ करून बाहेर आले तर आई डबा भरत होती आणि बाबा युनिफॉर्मची बटणं लावत होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"फोन इल्लो."

"अहो, पण काल तुम्ही हो म्हणालात ना त्याला!"

"काय गो, समजत कसा नाय तुका? मी नाय गेलंय तर दुसरो कोणतरी जातलो. त्यापेक्षा घरातलो गेलो तर काय बिघाडला?"

मी आईकडे पाहिलं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि पिशवी बाबांच्या हातात दिली.

गेटवर काय झालं ते भावाने नंतर सांगितलं. बाबा समोरून आले. उभ्या असलेल्या पोरांनी आधी त्यांना नमस्कार केला, त्यांना वाटलं काका आपल्यासोबत उभे राहायला आलेत. बाबा त्यांच्यामधून वाट काढत आत गेले. "माझ्याकडे बघितलं पण नाही गं ताई." मग कुणीतरी म्हणालं, याचा बापच आत गेला, आपण कशाला उन्हात मरायचं? जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवर भाऊ एकटा उरला होता. तक्रारीवर सह्या करणाऱ्यांनी एकेक करून अंग काढून घेतलं.

संध्याकाळी बाबा खुशीत घरी आले. मशीन खूप दिवसांनी हातात आल्यावर यायचे तसे. जेवायला बसले आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या भावाला म्हणाले, "इतक्या मनाक लावन घेव नको. माझो ब्रेक लागलो काय तू जा."

मला त्या क्षणी माझ्या बापाची किळस आली. हातावरच्या तेलाच्या काळ्या रेषांची, भात कालवणाऱ्या बोटांची, सगळ्याची. आयुष्यात अनेकदा त्यांचा राग आला होता, किळस पहिल्यांदा आली. मी ताट ठेवून उठले.

पुढे बाबांना ब्रेक मिळाला. भावाला फोन आला. मला वाटलं तो जाणार नाही. त्याने दाढी केली, डबा घेतला आणि गेला.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचे मिस्टर दुसऱ्या एका कारखान्यातून घरी बसलेत, मुलगा शिकूनही घरीच आहे. काकू म्हणाल्या, तो सुपरवायझर आता नव्या पोरांना आधी विचारतो, घरात वडील काम जाणणारे आहेत का? दोघं असले तर बरं पडतं म्हणतो.

"तुमचं बरंय हो," काकू आईला म्हणाल्या. "घरातलं कोणी ना कोणी कायम कामाला असतं. आमच्या या दोघांसाठी जरा शब्द टाका ना."

बाबा ब्रेकवर होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि युनियनचा पुढारी आमच्याकडे चहा पिताना बसला होता तसेच ऐटीत टेकून बसले.

"बघतो," ते म्हणाले. "माझा शब्द."