गोंदणावरचं घड्याळ

"माह्या जिवाचं मले मालूम," असं भागीरथाबाई म्हणायची. कोणी ताप पाहायला कपाळावर हात ठेवला, कोणी ऊन लागेल म्हणून सावलीत बस म्हटलं, तरी उत्तर हेच. मूर्तिजापूरजवळच्या तिच्या गावात ते सगळ्यांना पुरत होतं. अमरावतीत राहणाऱ्या तिच्या मुलाला मात्र पुरलं नाही. तो शिकलेला होता आणि त्याच्या मनगटावर घड्याळ होतं.

ललित नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. चाळिशी आली तशी त्याला धावण्याची ओढ लागली, आणि धावण्यापेक्षा धावल्याचा पुरावा ठेवण्याची जास्त. सकाळी डोळे उघडले की तो आधी घड्याळाला विचारी, आपली झोप झाली का. झाली म्हटलं तर ताजातवाना उठे. नाही म्हटलं तर तोच माणूस कण्हत उठे. त्याची बायको पायल हे पाही आणि चहा ठेवी. इतक्या काळजीनं त्यानं तिला कधी काही विचारल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं.

दिवाळीला भागीरथाबाई आली, तेव्हा ललितनं आपलं जुनं घड्याळ तिच्या हाताला बांधलं. आईवर माया होतीच, शिवाय ते जुनं घड्याळ कोणी फुकटही नेत नव्हतं.

"माय, दिलाच्या दोन ठोक्यांतलं अंतर सारखं नसते," तो समजावू लागला. "थोडं कमीजास्त होत राह्यते. आराम झाला का ते जास्त बदलते, माणूस थकला का कमी. हे घड्याळ हिरवा उजेड टाकून चामडीखालचं रगत पाह्यते अन् सांगते, शरीर सावरलं का नाई."

"अन् माहं शरीर मले सांगत नाई का?"

"तुले काय समजते त्यातलं!"

दुसऱ्या सकाळी त्यानं तिला मैदानावर नेलं. पायलही मागे गेली, तमाशा चुकू नये म्हणून. भागीरथाबाई पदर खोचून निघाली ती निघालीच. जन्मभर काळ्या मातीच्या ढेकळांतून चाललेली बाई, ते सपाट मैदान तिला सुट्टीसारखं वाटलं. ललित गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता, तेव्हा ती बाकावर बसून शेंगा फोडत होती. मग निकाल लागला. ललितच्या घड्याळानं त्याला 'उत्तम' म्हटलं. आईच्या घड्याळानं लाल अक्षरांत लिहिलं, शरीर सावरलेलं नाही, विश्रांती घ्या.

बसली तरी लाल, निजली तरी लाल.

"हिरवं झाल्याबिगर गावाले जाचं नाई," ललितनं जाहीर केलं.

तिकडे तिच्या वावरात कापूस फुटून लोंबत होता. वेचणीच्या बाया तिच्या शब्दावर येत. ती नसली तर त्या दुसऱ्याच्या वावरात जाणार आणि तिचा कापूस मातीत. हे तिनं सांगून पाहिलं. ललितनं घड्याळ दाखवलं.

एका दुपारी पायलला सासू छातीवर हात ठेवून बसलेली दिसली. आत कोणी परका भाडेकरू राहायला आल्यासारखी ती कान देऊन ऐकत होती.

"पायल, खरंच बिघडलं असन का वं?"

पायल चरकली. या बाईच्या तोंडी असा प्रश्न तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं सासूला उठवलं आणि गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, नीट पाहिली, म्हणाल्या, "काही झालं नाही." मग त्यांनी भागीरथाबाईच्या हातातलं घड्याळ सोडलं आणि त्या हसू लागल्या. खाली मनगटभर गोंदण होतं, दाट निळं तुळशीवृंदावन.

"घड्याळाचा उजेड या शाईतच बुडतो. ते रक्त पाहतच नाही हो, तुळस पाहतं."

"अन् आमचे हे धावतात, ते?" पायलनं मुद्दाम विचारलं.

"हात हलला की घड्याळ चाचपडतं. कधी कधी पावलांनाच ठोके समजून मोजतं. दोन ठोक्यांतलं अंतर तर फारच नाजूक काम. ते शांत पडून मोजावं, नाहीतर छातीला पट्टा बांधावा."

हा निरोप पायलनं घरापर्यंत न सांडता आणला.

"ऐकलं का? इतके दिवस पाय मोजून राह्यले तुमी, दिल नाई."

ललितनं आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडून पुन्हा बांधलं. पण शिकलेला माणूस सहजासहजी हार मानत नाही.

"माय, मंग उजव्या हाताले बांधू."

"तिथं इचू हाय."

"जरा वर, कोपराखाली?"

"तिथं मोर."

"मंग पायाले?"

भागीरथाबाई पिशवीत लुगडी भरतच होती. "पोटऱ्याईवर बी हाय. गोंदणारीन आली तवा तुले इचारून बसाले पायजे होतं का रे? तू तं जलमला बी नोहता."

पायल हसली ते ललितला आवडलं नाही. "बस स्टँडवर सोडून देतो," तो म्हणाला.

"तू धापा टाकशीन बाप्पा. बस घरी."

पिशवी काखेत मारून ती फाटकाबाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली. एक ऑटोवाला तिच्याजवळ हळू झाला, तिनं हात हलवून त्याला पुढे घालवलं. ललित ओसरीत चपला शोधत होता. पायल फाटकाला टेकून उभी होती. वळणापाशी लुगड्याचा हिरवा काठ दिसेनासा होईपर्यंत ती पाहत राहिली.